टिंकरिंग लॅब तपासताना: पुणे, मुळशी, जुन्नर

पुणे शहर, मुळशी आणि जुन्नर असा हा दौरा शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, पाहण्यासाठी होता. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत ५०,००० लॅब जाहीर झाल्या, म्हणजे तपासायला जाणारेही वाढणार.

शिक्षणाधिकाऱ्यांचं (माध्यमिक) पत्र आधी हातात घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मुख्याध्यापकांना येण्याचा दिवस कळवा, पण कोणता वर्ग बघणार ते सांगू नका. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांमुळे बाद. तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या आधीचे आठवडेही टाळा, तेव्हा लॅबमध्ये फक्त मॉडेलची रंगरंगोटी चाललेली असते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ उत्तम. शनिवारी शाळा सकाळची असते, आणि गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाण्याची शक्यता जास्त. जुन्नरला जाताना चाकण सकाळी लवकर ओलांडा, नाहीतर परिपाठ हुकलाच म्हणून समजा. ग्रामीण भागात एका दिवसात एकच शाळा घ्या.

लॅबमध्ये शिरल्यावर थ्रीडी प्रिंटर पुढे केला जातो. कपाटातल्या वस्तू नंतर बघा, आधी फिलामेंटचं, म्हणजे छपाईसाठी वितळवायच्या प्लास्टिकच्या तारेचं, रीळ हातात घ्या. हे प्लास्टिक (पीएलए) हवेतला ओलावा शोषतं. मुळशीच्या पावसात उघडं राहिलेलं टोक वाकवलं की कडकन तुटतं, आणि छपाई करताना फुटफुट आवाज येऊन नॉझल तुंबतं. ४५-५० अंशांवर काही तास वाळवलं तर बऱ्याचदा कामाला येतं. रीळ सीलबंदच असेल तर काही विचारायची गरज नाही, प्रिंटर वापरलेलाच नाही.

आर्डुइनो म्हणजे संगणकावरून प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याचं दुखणं बोर्डात क्वचितच असतं. एकतर यूएसबी केबल गायब, नाहीतर स्वस्त बोर्ड संगणकाला ओळखू यावा म्हणून लागणारा सीएच३४० ड्रायव्हर टाकलेला नाही, कारण संगणकाचा पासवर्ड पुरवठादाराकडे. दिवा लुकलुकवणारा 'ब्लिंक' प्रोग्रॅम उघडायला सांगून '१०००च्या जागी २०० कर' म्हणा; हा आकडा म्हणजे लुकलुकण्यामधला वेळ, मिलिसेकंदांत. ज्याने हे केलंय तो मिनिटभरात दिवा भरभर लुकलुकवून दाखवतो.

नोंदवही जरूर बघा, पण कॅलेंडर शेजारी ठेवून. रविवारीही 'उपस्थिती ४०' सापडते, तीही एकाच पेनाने. सरांना साठा नोंदवही आणायला पाठवलंत तर आणखी एक फायदा होतो: तेवढ्या वेळात मुलांना खाणाखुणा करणारं कुणी उरत नाही.

खरी तपासणी तेव्हाच उरकायची. मुलं शाळेने निवडलेली नकोत. हजेरीपटावरून दर पाचवा क्रमांक घ्या, मुली निम्म्या. प्रत्येकाला दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर आणि वायरचे तुकडे द्या. 'एका सेलवर लागतो का बघ' एवढंच सांगा. लागणार नाही, कारण लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात आणि सेल दीडचा. 'दिवा उडालाय' म्हणून गप्प बसणारा, एलईडी उलटा करून बघणारा आणि दुसरा सेल जोडणारा, यांची नोंद वेगवेगळी करा. बोलून दाखवलेल्या व्याख्येला गुण नाहीत.

दुसरं काम दोऱ्याचं. एक मीटर दोऱ्याला नट बांधला की दहा आंदोलनांना सुमारे २० सेकंद लागतात. दोन नट बांधले तर काय होईल ते आधी लिहून घ्या, मग मोजू द्या. इथे गफलत मोजणीत होते: मुलं सोडतानाच 'एक' म्हणतात, म्हणून नऊच आंदोलनं भरतात आणि १८ सेकंद येतात. 'शून्य'पासून मोजायला लावा.

हेच सगळं लॅब नसलेल्या, पण त्याच माध्यमाच्या आणि तेवढ्याच पटाच्या जवळच्या शाळेतही करा, नाहीतर मुलांना येतं ते लॅबमुळे की चांगल्या शिक्षकांमुळे, हे सांगता येणार नाही. तिथे 'आम्हाला लॅब कधी?' असं हमखास विचारतात. आश्वासन देऊ नका. सेल, एलईडी आणि दोरा मात्र तिथेच ठेवून या.