पास्टिसची वही, पान तिसरं: बाटली फ्रिजबाहेर

गेल्या रविवारी लिहिलेली ओळ आधी खोडतो: ‘बाटलीत पांढरे पापुद्रे, माल खराब.’ माल, म्हणजे पास्टिस ही बडीशेपेच्या वासाची फ्रेंच दारू, चांगलाच होता. बाटली फ्रिजमध्ये मी ठेवली होती.

बडीशेपेचा तो वास अ‍ॅनेथोल या तेलाचा. शुद्ध अ‍ॅनेथोल 21 अंशांच्या आसपासच गोठतं. पास्टिसमधल्या अल्कोहोलात ते विरघळून राहतं, पण फार गारठलं की पापुद्रे धरतं. दोन दिवस बाटली ओट्यावर ठेवली, मधूनमधून हलवली, साफ झाली.

म्हणून ग्लासात क्रमही ठरलेला: 20 मिली पास्टिस, मग 100 मिली गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. पाणी पडलं की अ‍ॅनेथोल बारीक थेंबांनी बाहेर येतं आणि ग्लास दुधाळ होतो. ते बघायला मी अजून दर वेळी ग्लास खिडकीशी नेतो.

फ्रान्सने 1915 मध्ये अ‍ॅबसिंथवर, म्हणजे बडीशेपेच्याच वासाच्या जुन्या कडक दारूवर, बंदी घातली. त्या रिकाम्या जागेत पास्टिस वाढलं: अ‍ॅबसिंथमधला वर्मवुड (दवण्याच्या कुळातलं कडू रोप) गेला, ज्येष्ठमध आला. मार्सेच्या पॉल रिकारने आपलं पास्टिस 1932 मध्ये बाजारात आणलं. 1938 मध्ये पास्टिसमध्ये 45 टक्क्यांपर्यंत अल्कोहोलाची मुभा मिळाली. हा आकडा मी नुसता नशेचा समजत होतो. पण अल्कोहोल जास्त, तर तेल जास्त विरघळतं. 1940 मध्ये विशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेलं फ्रेंच सरकार) पास्टिसवरही बंदी आणली, ती 1951 पर्यंत टिकली. ‘पास्टिस 51’ या ब्रँडमधला 51 तिथलाच.

आता मिश्रणं. डाळिंबी ग्रेनेडिन घातलं की ‘तोमात’: रंग झकास, चव खोकल्याच्या औषधाची. पुदिन्याच्या सिरपचं ‘पेरोके’, म्हणजे पोपट. हिरवागार, पण दुसरा घोट नको. बदामाच्या सिरपचं ‘मोरेस्क’ मात्र जमलं. सिरप 10 मिलीच, त्यावर गेलं की खीर होते.

दादाने साधं पास्टिस चाखलं आणि म्हणाला, “अरे, ही तर हॉटेलात बिलाबरोबर येते ती बडीशेप!” चूक नाही. आपल्या बडीशेपेचं रोप वेगळं, पण वासाचं तेल तेच.

पुढच्या रविवारी न्यू ऑर्लिन्सचं साझेराक कॉकटेल. त्यात ग्लास अ‍ॅबसिंथने नुसता विसळायचा असतो. माझ्याकडे अ‍ॅबसिंथ नाही, पास्टिसवरच भागवेन. ते गोडसर, म्हणून साखर अर्धी.