भिलारची स्ट्रॉबेरी आणि घरचा कॉबलर

पुण्याहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे भिलारकडे गेले की, हिवाळ्यात काही शेतकरी पाहुण्यांना स्वतःच्या हाताने स्ट्रॉबेरी तोडू देतात आणि वजनावर पैसे घेतात. मुलांना न्यायचे तर सकाळीच न्यावे; उन्हात फळही मलूल होते आणि मुलेही. तोडलेली स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही, म्हणून देठाजवळ पांढरे राहिलेले फळ वेलीवरच सोडावे. फळाला धरून ओढू नये, तर देठ नखाने चिमटून ते हिरव्या टोपीसकट तोडावे. आमच्या धाकटीने हे लगेच आत्मसात केले, मात्र परडीपेक्षा तिच्या तोंडात अधिक फळे गेली आणि शेताच्या मालकीणबाईंनी ती हसून हिशेबाबाहेर ठेवली.

कॉबलर हा मूळचा अमेरिकी गोड पदार्थ. अर्धा किलो फळे करण्याच्या वेळीच धुऊन, चिरून, त्यांत अर्धी वाटी साखर, लिंबाचा रस आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर मिसळावे. कॉर्नफ्लोअर टाळल्यास तळाशी नुसते सरबत उरते. वाटीभर मैद्यात चमचाभर बेकिंग पावडर, थोडी साखर आणि 50 ग्रॅम थंड लोणी घालून, मिश्रण रवाळ होईपर्यंत बोटांनी चोळावे (हे काम मुलांकडेच द्यावे), मग लागेल तेवढ्या दुधात सैलसर भिजवून त्याचे गोळे फळांवर विरळ ठेवावेत. ओव्हनमध्ये 190 अंशांवर सुमारे 35 मिनिटांत गोळे बदामी होतात आणि कडेने दाट लाल रस खदखदू लागतो. त्यावर आइस्क्रीम घालण्याची पद्धत आहे, परंतु माझ्या मते गार साय त्याहून सरस लागते.