वाँग शी म्हणजे माहेरची वाँग

कॅनडातल्या जुन्या चिनी कुटुंबात पणजोबांचा माग काढायला बसलं की पहिली ठेच नावालाच लागते. घरात एक नाव, सरकारी दाखल्यावर दुसरं, थडग्यावर तिसरं. आणि पुष्कळदा तिन्ही खरी. म्हणून शोध नावापासून सुरू करू नये. आधी जुन्या पेट्या, फोटोंचे आल्बम उपसावेत आणि हेड टॅक्सचा, म्हणजे कॅनडात येणाऱ्या चिनी माणसाकडून माणशी घेतलेल्या प्रवेशकराचा दाखला हाती लागला, तर त्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा.

हा कर १८८५ साली लागला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ जोडून झाले तेही याच वर्षी. रूळ टाकायला हजारो चिनी मजूर चालले. काम उरकल्यावर मात्र नव्याने येणाऱ्या चिनी माणसाकडून माणशी ५० डॉलर घ्यायचं ठरलं. १९०१ पासून १००, १९०४ पासून ५०० डॉलर, म्हणजे मजुराची सुमारे दोन वर्षांची कमाई. दुसऱ्या कुठल्याही देशातून येणाऱ्यावर असा कर नव्हता. सुमारे ८२ हजार जणांनी तो भरला. त्याची पावती म्हणजे 'सी.आय. ५' हा दाखला.

दाखल्यापेक्षा जास्त माहिती सरकारी रजिस्टरात मिळते. ही रजिस्टरं कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. नाव, वय, गाव, धंदा, बोट, बंदर, तारीख आणि शेवटी उंची व अंगावरच्या खुणा: कपाळावरचा व्रण, कानाजवळचा तीळ. माणसाला गुराढोरांसारखं न्याहाळून टिपलेला हा रकाना वाचताना जीव कळवळतो. पण नाव जुळत नसेल तेव्हा ओळख पटवायला हाच रकाना कामी येतो. घरच्या फोटोतला तीळ आणि रजिस्टरातला तीळ जुळला की निम्मं काम झालं.

वय मात्र जसंच्या तसं धरू नये. जुन्या चिनी रीतीत जन्मतःच मूल एक वर्षाचं धरतात आणि चांद्र नववर्षाला सगळ्यांचं वय एकाने वाढतं. त्यामुळे आपल्या हिशोबापेक्षा एक-दोन वर्षं जास्त दिसतात.

आता नावं. चिनी नावात आडनाव आधी येतं. कारकुनाने शेवटचा शब्द आडनाव समजून लिहिला आणि पुढच्या पिढ्यांना पणजोबांचं पाळण्यातलं नाव आडनाव म्हणून चिकटलं. 'आ' हा तर हाक मारताना नुसता पुढे लावायचा उच्चार, पण रजिस्टरात पानोपानी 'आ' अमुक आणि 'आ' तमुक भेटतात, खरं आडनाव गायब. एकच आडनाव कँटनी माणूस चॅन सांगणार, दक्षिण चीनमधल्या तोइसान जिल्ह्याचा माणूस चिन, फुजियानचा टॅन. उलट वाँग हा एकच उच्चार असलेली दोन वेगळी आडनावं आहेत: एकाच्या अक्षराचा अर्थ पिवळा, दुसऱ्याचा राजा. इंग्रजी स्पेलिंगवरून ती वेगळी करता येत नाहीत. लग्नात पुरुषाला नवं नाव मिळायची रीत होती, म्हणून दाखल्यावर तरुणपणचं आणि थडग्यावर लग्नातलं नाव सापडू शकतं. बायकांच्या बाबतीत 'शी' हे आडनाव समजून किती तरी जण चुकतात. वाँग शी म्हणजे माहेरची वाँग, एवढंच. त्या बाईचं स्वतःचं नाव कागदावर आलेलंच नाही.

१ जुलै १९२३ पासून चिनी लोकांना प्रवेश जवळजवळ बंदच झाला आणि तो कायदा १९४७ पर्यंत टिकला. बायकामुलं गावी, पुरुष इथे. या काळासाठी 'सी.आय. ९' शोधावा. गावी जाऊन परत यायचं असेल तर हा फॉर्म भरून, फोटो लावून निघावं लागे, आणि दोन वर्षांच्या आत परतावं लागे. जाण्या-येण्याच्या तारखा मुलांच्या जन्मवर्षांशेजारी मांडून पाहाव्यात. त्या जुळत नसतील, तर तो मुलगा 'कागदी' असण्याची शक्यता धरावी: दुसऱ्याचे कागद विकत घेऊन, दुसऱ्याच्या आडनावाने आलेला. १९६० नंतर सरकारने अशांना खरं नाव सांगून कागद दुरुस्त करायची मुभा दिली, तरी भीतीपोटी कित्येकांनी तोंड उघडलं नाही. नातवंडांनी याला फसवणूक म्हणू नये. दुसरं दार उघडं ठेवलेलंच नव्हतं.

अशा घरात खरं आडनाव बहुधा थडग्यावर असतं, चिनी अक्षरांत. मधली उभी ओळ नावाची. बाजूच्या ओळींत जिल्हा व गाव आणि मृत्यूची तारीख. साल १९१२ पासून मोजलेल्या चिनी प्रजासत्ताकाच्या सनातलं असलं तर त्यात १९११ मिळवायचे, आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो तसं. तेरावं साल म्हणजे १९२४. महिना बहुधा चांद्र असतो, त्यामुळे बारावा महिना इंग्रजी हिशोबाने पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जातो. गावाच्या ओळीत 'सनिंग' भेटलं तर गोंधळू नये, १९१४ पर्यंत तोइसानचं नाव तेच होतं. दगड आहे म्हणजे खाली अस्थी असतीलच असंही नाही. सुमारे सात वर्षांनी अस्थी उकरून, स्वच्छ करून, पेटीत भरून हाँगकाँगमार्गे गावी पाठवत. १९३७ मध्ये जपानशी युद्ध पेटलं आणि पेट्या कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरातच अडकल्या. आठशेंहून अधिक माणसांच्या अस्थी १९६१ साली शेवटी हार्लिंग पॉइंटच्या दफनभूमीत, समुद्राकाठी पुरल्या. घरी जायला निघालेली माणसं ती.

गावापर्यंत पोचायचं असेल तर जिल्ह्याचं नाव पुरत नाही. एकाच उच्चाराची किती तरी गावं निघतात. घरातल्या सगळ्यात थकल्या माणसाकडून गावाचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव चिनी अक्षरांत लिहून घ्यावं, आणि ते मोठ्याने म्हणायला लावून रेकॉर्डही करावं. गावात वंशावळीची वही टिकली असेल, तर ती उघडणारा माणूस हीच अक्षरं मागणार. जुन्या वह्यांत मुलींची नावं बहुधा नसतात. आजीचं नाव विचारायचं राहिलं असेल, तर ते याच आठवड्यात विचारावं.