तोफ हेच निशाण

पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. राष्ट्रपतींच्या हस्ते किंवा त्यांच्या वतीने ते समारंभाने दिलं जातं, परेडला ते मानाने मिरवतात. तोफखान्याला असं कापडी निशाण नाही. त्यांची तोफ हेच त्यांचं निशाण. आप्पा तोफखान्यात हवालदार होते, त्यामुळे हे मी शाळेत जायच्या वयापासून ऐकत आले. पण त्याचा खरा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि तो आमच्या नाशिककरांना तरी नीट माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला ट्रेनिंग सेंटर. रेंजवर फायरिंग सुरू झालं की विहितगावात आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. एवढ्या जवळ राहून आपण त्या आवाजापलीकडे फारसं काही जाणून घेत नाही.

निशाण म्हटल्यावर त्याचे नियम आले. तोफेला उगाच टेकून उभं राहायचं नाही, तिच्यावर बसायचं नाही. आणि काहीही झालं तरी ती शत्रूच्या हाती पडू द्यायची नाही. दसऱ्याच्या खंडेनवमीला आप्पांच्या युनिटमध्ये तोफांची पूजा व्हायची, तेव्हा घरच्यांनाही बोलवायचे. आदल्या दिवशी लांब दांड्याचा ब्रश घेऊन तीन-चार जवान एका लयीत नळी घासत असायचे. मग तेलाचा हात. सकाळी नळीला झेंडूचा हार, चाकांना हळद-कुंकू, पुढे नारळ. पंजाबचा जवान, तमिळनाडूचा जवान, आमचे आप्पा, सगळे एकाच तोफेपुढे हात जोडून उभे. त्या तेलाचा आणि झेंडूचा मिसळलेला वास मला आजही कुठे आला तरी ओळखता येईल.

तोफ सोडायची नाही म्हणजे काय, हे सांगायला आप्पा नेहमी एकच नाव घेतात : हवालदार उमराव सिंग. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. त्यांची डोंगरी तोफ अगदी पुढच्या ठाण्यावर होती. जपान्यांनी आधी दीड तास तोफा आणि मॉर्टर डागले, मग निदान दोन कंपन्या चालून आल्या. उमराव सिंग जखमी झाले होते, तरी ब्रेनगन ही हलकी मशीनगन चालवत राहिले. दारूगोळा संपल्यावर तोफ हलवायचा लोखंडी दांडा उचलला आणि त्यानेच लढले. काही तासांनी आपली माणसं परत तिथे पोचली तेव्हा ते तोफेशेजारी निपचित पडलेले सापडले. अंगावर सात मोठ्या जखमा, भोवती दहा जपानी मरून पडलेले. ते जगले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे त्या पदकासाठी लोकांनी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या, पण त्यांनी ते विकलं नाही. आप्पांना मात्र या गोष्टीतला वेगळाच तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो : ती तोफ त्याच दिवशी पुन्हा चालू झाली.

या तोफखान्याचं मूळ आपल्या मुंबई इलाख्यात आहे. २८ सप्टेंबर १८२७ ला बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज, म्हणजे तोफा डागणाऱ्यांच्या, बटालियनची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी झाली आणि ती आजही सैन्यात आहे. म्हणून २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे'. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यायची नाही. जवळजवळ सगळा देशी तोफखाना मोडला. उरल्या त्या खेचरांवर लादून न्यायच्या मोजक्या डोंगरी तोफा, सरहद्दीवर लागायच्या म्हणून. मैदानी तोफा आपल्या लोकांच्या हाती परत आल्या त्या थेट १९३५ च्या जानेवारीत, बंगलोरला, 'ए' फील्ड ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. मधली पाऊणशे वर्षं नुसत्या अविश्वासाची! हे वाचलं तेव्हा मला संताप आला होता. त्या पहिल्या तुकडीतले एक तरुण अधिकारी, कुमारमंगलम, १९६६ मध्ये लष्करप्रमुख झाले. नंतर तोफखान्यातूनच लष्करप्रमुख झालेले जनरल रॉड्रिग्ज तर मुंबईत जन्मलेले गोवेकर.

तोफेवर प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. नंबर एक म्हणजे त्या तोफेचा प्रमुख, बहुधा हवालदार. कुणी निशाणा जुळवतो, कुणी गोळा भरतो, कुणी चार्ज, म्हणजे गोळा उडवायची दारू, तयार करतो. कुणी जखमी झाला तर त्याचं काम दुसऱ्याने तिथल्या तिथे उचलायचं, म्हणून सगळ्यांनी सगळे नंबर शिकायचे. बोफोर्स तोफेचा एक गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास असतो. आप्पांची पाठ आणि उजवा कान, दोन्ही या नोकरीने घेतले. त्यांच्याशी डाव्या बाजूने बोलायचं, हे आमच्या घरात येणाऱ्या सुनेलाही पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

१९९९ च्या कारगिल युद्धात ते द्रासला होते. एरवी तोफवाल्याला शत्रू दिसत नाही. तोफ डोंगराआड असते आणि ओपीचा, म्हणजे निरीक्षण ठाण्याचा, अधिकारी पायदळाबरोबर पुढे राहून रेडिओवर सांगतो, लेफ्ट, ॲड, ड्रॉप : डावीकडे, अजून लांब, जरा अलीकडे. द्रासला बोफोर्स उघड्यावर आणून थेट समोरच्या शिखरावर फायर केल्या. म्हणजे आपल्याला बंकर दिसतो, तसे वरच्यालाही आपण दिसतो. हवा विरळ असल्यामुळे गोळा नेहमीपेक्षा लांब जायचा, त्याचा हिशेब नव्याने बसवावा लागला. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली.

द्रासचं शिखर पॉइंट ५१४० म्हटलं की सगळ्यांना कॅप्टन विक्रम बात्रा आठवतात, आणि ते योग्यच आहे. चढून गेले ते पायदळाचे जवान. पण चढणाऱ्यांच्या डोक्यावरून, त्यांच्या पुढे थोड्याच अंतरावर गोळे पाडत राहणं, आणि एकही चुकू न देणं, हे खाली उभ्या असलेल्या माणसांचं काम होतं. त्यांची नावं कुणी विचारत नाही. जुलै २०२२ मध्ये सैन्याने त्या शिखराला 'गन हिल' नाव दिलं. टीव्हीवर बातमी आली तशी आप्पांनी आवाज मोठा करायला लावला आणि लगेच जुन्या सोबत्यांना फोन सुरू केले. "अगं, आमच्या गनचं नाव दिलं डोंगराला," असं आईला किती वेळा सांगितलं असेल. स्वतःचं नाव आलं असतं तरी ते इतके खूश झाले नसते, हे मी खात्रीने सांगते.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाच महिला अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या. मला वाटलं, आप्पा काहीतरी कुरकुर करतील. त्यांनी एवढंच विचारलं, "देवळालीला कोर्स करायला येतील ना?" आपल्या शेजारी येणार याचाच त्यांना आनंद. तोफखान्याच्या बोधवाक्यातला पहिला शब्दच 'सर्वत्र' आहे, पुढे इज्जत-ओ-इकबाल, म्हणजे मान आणि वैभव.

यंदाच्या २८ सप्टेंबरला तुमच्या घरात, गल्लीत, गावी कुणी निवृत्त गनर असेल तर त्यांना फोन करा. शुभेच्छा द्या आणि विचारा, तोफेवर तुमचा नंबर कोणता होता. जरा मोठ्याने विचारा.