फरशीवरचे ठसे

रविवार, रात्री साडेदहा

आज नौपाड्यात ज्येष्ठ नागरिक संघात बोलले. विषय माझा नेहमीचा, मधुमेहात पायांची काळजी. परिचारिका म्हणून रोज जखमांचं ड्रेसिंग करते, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि तेच नडायचं. गेल्या महिन्यात कळव्याला ३५ स्लाइड दाखवल्या. नसा बधिर कशा होतात, रक्तपुरवठा का कमी होतो, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या धाग्याने, तळव्याची संवेदना कशी तपासतात. सगळं बरोबर होतं. चौथ्या स्लाइडलाच पहिल्या रांगेतले आजोबा पेंगायला लागले. घरी येऊन फार वाईट वाटलं. कुणाचा तरी पाय वाचावा म्हणून तर मी जाते.

आज लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही.

दोन दिवस डोक्यात लहानपणची कीर्तनं घोळत होती, आईबरोबर कोपिनेश्वराच्या देवळात ऐकलेली. पूर्वरंगात बुवा अभंगाचं निरूपण करायचे, तेव्हा मी आईच्या मांडीवर कलंडायचे. मग नामाचा गजर, कपाळाला बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झालं की झोप पळायची. पण बुवा वाटेल ते आख्यान लावत नसत. अभंगात जे सांगितलं, तेच आख्यानातल्या माणसाच्या वाट्याला येताना दिसायचं. मी मात्र इतकी वर्षं नुसतं निरूपण करत आले.

म्हणून आज उभी राहिले ती थेट म्हणाले, "एक काका सकाळी तलावपाळीला फेरी मारून घरी आले. काकूंनी पाहिलं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठसे. एकाच पायाचे. 'अहो, हे काय?' तर काका म्हणाले, 'कुठे काय?'"

इथे थांबले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एका आजींनी नकळत स्वतःचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

चपलेच्या तळातून खिळ्याचं टोक वर आलं होतं. मासुंदा तलावाला अख्खी फेरी त्या खिळ्यावर झाली आणि काकांना काही जाणवलं नाही. बधिरपणा म्हणजे काय, हे आता वेगळं समजवावं लागलं नाही. मग तीनच गोष्टी सांगितल्या. रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. चपलेत पाय घालण्याआधी हात घाला. आणि गरम पाण्याने पाय शेकू नका, चटकासुद्धा कळणार नाही.

गोष्ट खरी आहे. आजाराबद्दल बोलताना रचलेली गोष्ट सांगणं मला पटत नाही, ऐकणारा त्यावर विश्वास ठेवून वागणार असतो. काल काकूंना फोन करून विचारलं होतं. म्हणाल्या, "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग. फरशीचं तर सांगच."

आभार मानून झाले, चहा फिरला, तरी पाय ओढून घेणाऱ्या आजी जागच्या हलल्या नव्हत्या. मी जवळ गेले तर माझा हात धरून विचारलं, "अगं, पुढे काय झालं त्यांचं? पाय राहिला ना?"

शेवट सांगायचा राहूनच गेला होता.

"पाय राहिला, आजी. अंगठा गेला. आता बूट घालून जातात तलावपाळीला. काकू आधी हात घालून बघतात."

"दोन्ही बुटांत?"

"दोन्ही बुटांत."