चार्ल्सटाउन: एक टेकडी, एक जहाज, दोन युद्धं

बॉस्टनला गेलात तर चार्ल्सटाउनसाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवा. अमेरिकेच्या ब्रिटिशांशी झालेल्या दोन युद्धांच्या, म्हणजे १७७५ ला सुरू झालेलं स्वातंत्र्ययुद्ध आणि १८१२ चं युद्ध यांच्या खुणा तिथे पायी चालत बघता येतात.

टेकडीवरचा बंकर हिलचा स्तंभ २२१ फूट उंच आहे. आत २९४ पायऱ्यांचा अरुंद दगडी जिना गोल गोल वर जातो. छातीचा भाता होतो. १७ जून १७७५ ला इथे झालेल्या बंकर हिलच्या लढाईत अमेरिकन हरले. दारूगोळा संपत आला आणि तिसऱ्या हल्ल्यात ब्रिटिशांनी टेकडी घेतली, पण त्यांचे हजारावर सैनिक मेले किंवा जखमी झाले. त्या दिवसाची सुट्टी बॉस्टनमध्ये आजही असते. पावनखिंड ऐकत वाढलेल्या माणसाला या अभिमानाचं कारण कोणी सांगावं लागत नाही.

टेकडी उतरून गोदीत आलं की 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' दिसतं. १७९७ चं हे लाकडी जहाज अजून नौदलात आहे, माहितीही गणवेशातले नौसैनिकच देतात. खालच्या डेकवर मान वाकवून चालायचं, दोन्ही बाजूंना काळ्याभोर तोफा. ऑगस्ट १८१२ मध्ये ब्रिटिशांच्या 'ग्युरियर' युद्धनौकेचे गोळे याच्या ओकच्या भिंतींवरून उडाले, म्हणून नाव पडलं 'ओल्ड आयर्नसाइड्स'.

१८१२ च्या युद्धातलं लोकांच्या ओठावर आहे ते एवढंच: हे जहाज आणि बाल्टिमोरच्या किल्ल्यावरचा झेंडा बघून सुचलेलं राष्ट्रगीत. व्यापार बुडाला म्हणून याच न्यू इंग्लंडचा, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेचा, युद्धाला कडवा विरोध होता, हे मात्र मागे पडलं. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी व्हाइट हाउस जाळलं. तहात कोणालाच नवा मुलूख मिळाला नाही. खरे हरले ते मूळ रहिवासी. त्यांना एकत्र बांधणारा शॉनी जमातीचा नेता टेकुमसे १८१३ मध्ये लढताना पडला. त्याच्यासाठीही या गोदीत थोडा वेळ थांबायला हवं, असं मला मनापासून वाटलं.

आणि एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलजवळ या जहाजाने ब्रिटिशांचं 'जावा' हे जहाज जिंकलं. त्यावर मुंबईला नेमणुकीवर निघालेला जनरल थॉमस हिस्लॉप होता. तो पकडला गेला, लढणार नाही या वचनावर सुटला आणि पुढे हिंदुस्थानात पोहोचलाच. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो याच हिस्लॉपने.