सर, ह्यात कामून पडलाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी आजवर हसण्यावारी नेत आलोय. लग्नात, कुणाच्या दहाव्याला, एसटीच्या थांब्यावर जुने विद्यार्थी भेटतात. पाया पडून झालं की सगळ्यांचं एकच: "सर, पेन्शन हाय, पोरं पुण्याला हायत, मग ग्रामपंचायतीच्या ह्या चिखलात कामून पडलाव?" त्यातला एखादा जरा पेपर वाचणारा असला की पुढचा चिमटा काढतो, "आणि सरकार पैसे वाटून राज्य बुडवतंय म्हणता, मग लाडक्या बहिणीचे फॉर्म तुमच्याच ओट्यावर कसे भरले?"

दोन्हीचं उत्तर एकच आहे. पण ते सांगायचं तर आधी पगारपत्रक काढावं लागेल.

तेहतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात बुककीपिंग शिकवलं. पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. दर फेब्रुवारीत स्टाफरूममध्ये कुणीतरी कुरकुरायचंच, हे शंभर जास्तीचे कशाचे म्हणून. मला त्या कपातीचं कधी वाईट वाटलं नाही. तो कर कशापायी आला ते मला घरातूनच माहीत होतं.

१९७२ला मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव मांजरेच्या काठचं, पण त्या साली नदीत नुसती तापलेली वाळू. आई आधी खडी फोडायला जायची. मग गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा मातीच्या पाट्या वाहायला जाऊ लागली. सुकडी, म्हणजे कामावर पोरांना वाटलं जाणारं कोरडं खाणं, मिळते म्हणून आम्ही पोरं मागं मागं. घरात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, थापताना हातातच तुटायच्या. आई शेवटपर्यंत सांगायची, "मिलो खाल्ला, पण कुणाच्या दारात हात पसरला न्हाई."

ही कामं आभाळातून पडली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून ठेवला होता. दुष्काळात त्या कल्पनेची किंमत सगळ्यांना कळली. मला त्यातलं सगळ्यात भावतं ते मात्र पुढचं. १९७५ला सरकारने नोकरदार आणि व्यावसायिकांवर कर बसवला तो या हमीसाठी, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर स्वतः घालायचं कबूल केलं. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. म्हणजे मुंबईत पंख्याखाली बसलेल्या कारकुनाचा रुपया आमच्याकडच्या बाईच्या मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, यायचा, आणि तो आपल्याच खिशातून गेला हे त्या कारकुनाला ठाऊक असायचं. जमा कुठून, खर्च कुठे, दोन्ही बाजू एकाच पानावर. हिशेब शिकवणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

(मस्टरवर मेलेली माणसंही काम करायची, हे मला माहीत आहे. आमच्याच गावात एक म्हातारा वारल्यानंतर दोन पंधरवडे हजर होता. तेव्हा मी जुनं ते सोनं म्हणत नाही.)

२०२१ला निवृत्त होऊन गावी आलो. पहिल्या सहा महिन्यांतच एके दुपारी शिपाई रजिस्टर घेऊन दारात. "सर, इथं सही करा." कशाची? ग्रामसभेची. सभा कधी झाली? "झाली की काल." चावडीसमोरच माझं घर, काल तिथं दोन कुत्री सोडून कुणी नव्हतं. रजिस्टर चाळलं तर शंभरावर सह्या. त्या कागदी सभेत वित्त आयोगाच्या निधीतून कुठली कामं घ्यायची तेही ठरून गेलं होतं. वस्तीवरची पाण्याची टाकी दोन वर्षं गळत होती, तिचं नाव त्यात नव्हतं. मी सही केली नाही, विचारायला गेलो. उत्तर फार सभ्यपणे मिळालं: "सर, तुम्ही निवडून या, मग विचारा."

आता ग्रामसभेत विचारायला निवडून यावं लागत नाही, मतदारयादीत नाव असलं की पुरतं. पण हे मी एकटाच चावडीत उभा राहून कुणाला सांगणार?

तेव्हा डिसेंबर २०२२च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सदस्यपदासाठी उभा राहिलो. अर्जासोबत थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीत गेलो तर ही रांग. गावातल्या चारही वॉर्डांतले उमेदवार तीन-तीन, चार-चार वर्षांची घरपट्टी एकदम भरत होते. आमच्या गावात घरपट्टी पाच वर्षांतून एकदाच जोमाने वसूल होते, तीही फक्त उमेदवारांची. त्या रांगेत उभ्या उभ्या मला जे कळलं ते तेहतीस वर्षांत वर्गात कळलं नव्हतं. ज्याने पट्टी भरलेली नाही तो पंचायतीला जाब विचारत नाही, कारण समोरून "आधी तुपली पट्टी भर" येणार हे त्याला माहीत असतं. आणि पंचायतही वसुलीच्या मागं लागत नाही. वसूल केली तर लोक विचारतील. दोघांचं छान जमलेलं असतं.

निवडून आलो, एकोणीस मतांनी. आमच्या पॅनलनेही मळ्यात दोन रात्री जेवणं घातली. मी शाकाहारी म्हणून गेलो नाही आणि बिल कुणी दिलं तेही विचारलं नाही. हिशेबाच्या मास्तराने न विचारलेला तो एक हिशेब. तुम्ही खोदून विचारायच्या आत मीच सांगून टाकतो.

मग आलं २८ जून २०२४चं राज्याचं बजेट आणि त्यात लाडकी बहीण. २१ ते ६० (पुढे ते ६५ केलं) वयाच्या बाईला महिना १५०० रुपये, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दुसऱ्या दिवशी पारावर मी खडूशिवायच गणित मांडलं. एका बाईला वर्षाचे १८ हजार. अडीच कोटी बाया धरल्या तर ४५ हजार कोटी. सरकारने स्वतः आकडा सांगितला होता ४६ हजार कोटी. "बरोबर आलं की सर तुमचं," एक जण म्हणाला. खर्चाची बाजू बरोबर आली होती. जमेच्या बाजूला मात्र कोरं पान होतं. कुठला नवा कर, कुठला खर्च कमी, यातलं काही नाही. पाग्यांच्या वेळी होतं ते नेमकं हेच इथं नव्हतं, आणि माझी तक्रार एवढीच आहे. बायांना पैसे का देता, असं मी कधी म्हटलेलं नाही. माझी भावजय त्यातून बीपीच्या गोळ्या आणायची आणि दर महिन्याला भिशीत पाचशे टाकायची. माझ्या भावापुढे हात न पसरता. आईला एवढं सुख कधी लाभलं नाही.

म्हणून फॉर्म भरले. ॲप दिवसा अडकायचं, रात्री दोनला चालायचं. जुलैभर माझ्या ओट्यावर बाया, आधार कार्डं, केशरी-पिवळी रेशनकार्डं आणि माझा फोन. आपल्याला योजना पटली नाही म्हणून शेजारणीचा हक्क बुडवायचा नसतो. सव्वाशेच्या वर फॉर्म मी स्वतः भरले.

त्या कोऱ्या पानावर काय लिहिलं जाणार ते मे २०२५मध्ये दिसलं. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट आपल्या संभाजीनगरचेच. स्वतःच्याच सरकारवर त्यांनी उघड नाराजी काढली. म्हणजे एका गरीब बाईला द्यायचे ते दुसऱ्या गरिबाच्या पोराच्या वाट्यातून. राज्याचं कर्ज राज्याच्या एकूण उत्पादनाच्या मानाने मर्यादेत आहे असं सांगतात, ते खरं आहे. २०२५-२६च्या बजेटात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती, तिचं सगळं खापर एका योजनेवर फोडणंही हिशेबाला धरून होणार नाही. पण घरात तूट आली की आधी कुणाच्या ताटातली भाकरी कमी होते, ते बघावं.

आता घरातलं सांगतो, कारण गावात ते सगळ्यांना माहीतच आहे. माझ्या भावाने एक जुनी चारचाकी घेतली, वडापला, तालुक्याला माणसं ने-आण करायला. लाडक्या बहिणीच्या नियमात ट्रॅक्टर सोडून चारचाकी बसत नाही. २०२५च्या सुरुवातीला गाड्यांच्या याद्या घेऊन अंगणवाडीच्या ताई घरोघर आल्या. गाडी लिंबाखाली उभी. मी ओट्यावर. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पेपरात डोकं घातलं. भावजयीचा हप्ता बंद झाला. मीच सांगितलं असं तिच्या मनाने घेतलं. मी काही बोललो नाही, हे खरं आहे. पण खोटंही बोललो नाही, आणि तिच्या लेखी ते सांगितल्यासारखंच.

पोळ्याला पुरण वाढताना ती एवढंच म्हणाली, "भावजी, तुमची पेन्शन कोण्या खात्यातून येती?"

मी पुरणाचा घास तोंडात तसाच ठेवला. माझी पेन्शन सरकारी तिजोरीतूनच येते. तिच्या दीड हजाराच्या कितीतरी पट. मी नोकरी केली, ती माझी कमाई आहे, असं म्हणायला तोंड उघडणार तर समोर उभ्या बाईने चाळीस वर्षं रान खुरपलेलं, आणि त्याचं मस्टर कुणी ठेवलेलं नाही. घास गिळला. उत्तर आजही माझ्याकडे नाही.

सप्टेंबरात पाऊस लागला. तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आमच्याकडे दुष्काळाची मोजमापं सगळ्यांना पाठ, पुराची कुणालाच नाहीत. मांजरा पात्र सोडून शेतात शिरली. सोयाबीन काढायला आलेलं, ते गेलं. त्याहून वाईट म्हणजे माती गेली. भावाच्या दोन एकरांत काळ्या रानाच्या जागी खालचा मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, आणि माती पुन्हा भरायला हेक्टरी ३ लाखांपर्यंत, तेही रोजगार हमीतून. ते वाचलं आणि आईची पाटी आठवली. वरच्या अंगाचा तिचा पाझर तलाव मात्र फुटला नव्हता.

रोख पैसे खात्यावर येतात, त्याला ग्रामसभा लागत नाही. रोजगार हमीचं तसं नाही. कामाची मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची, काम ग्रामसभेत मंजूर करून घ्यायचं. यादी कुणाच्या ओसरीवर बसून झाली, की मुरूम एकाच्या शेतात आणि माती दुसऱ्याच्या. ऑक्टोबरअखेर विशेष ग्रामसभा बोलावली. दवंडी दिली, वस्तीवर मी स्वतः जाऊन आलो. चावडीत सत्तर-ऐंशी माणसं जमली, त्यात वीसेक बाया, पदर सावरत भिंतीकडेला. माझ्या कार्यकाळात एवढी माणसं पहिल्यांदाच बघत होतो.

यादी टेबलावर होती. सरपंच म्हणाले, "यादी तयार आहे, सगळ्यांची नावं आहेत, मंजूर समजू." भिंतीकडून आवाज आला, "वाचून दाखवा की." भावजय. पोळ्यापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती, तेव्हाही माझ्याकडे बघत नव्हती. "गटनंबर वाचा, नाव वाचा, किती रान गेलं ते वाचा. आमचं हाय का न्हाई ते आमाला कळंना."

वाचायला पाऊण तास लागला. दोन नावं दोनदा होती. वस्तीवरच्या तिघांचं रान यादीत नव्हतंच, आणि नदीपासून कोसभर लांब असलेलं एक बागाईत खरडून गेल्याचं लिहिलेलं होतं. त्याचे मालक पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते परत आले नाहीत.

दुरुस्त यादीचा ठराव लिहायला घेतला तेव्हा ग्रामसेवकांनी विचारलं, सूचक कुणाला करू? कुणी बोलेना. मग त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि अनुमोदक म्हणून रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.